न उरलेला 'मजदूर'

मराठीच्या वर्गात आपण नारायण सुर्वे शिकवतो, शेजारच्या वर्गात हिंदीचे सहकारी प्रेमचंद शिकवतात. पण प्रेमचंदांनी गिरणीतल्या संपावर चित्रपटकथा लिहिली आणि तो चित्रपट मुंबईतच दाखवू दिला गेला नाही, हे दोन्ही वर्गांत क्वचितच सांगितले जाते.

'मजदूर' (१९३४) हा तो चित्रपट. दिग्दर्शक मोहन भवनानी. वडिलांच्या पश्चात गिरणी हाती आलेला चैनखोर मुलगा आणि कामगारांच्या बाजूने उभी राहणारी त्याची बहीण, अशी कथा. कामगारांची कैवारी मालकाच्याच घरातली! वास्तविक पाहता यात सत्तेने घाबरावे असे फारसे काही नव्हते. भीती होती ती पडद्याबाहेरच्या काळाची. १९२८ मध्ये मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९२९ मध्ये तिचे पुढारी मीरत खटल्यात अडकवले गेले. १९३४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि जुलैमध्ये कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरला. अशा वर्षी संपाची गोष्ट गिरणगावातच दाखवली जाणे सरकार आणि मालक या दोघांनाही परवडणारे नव्हते. पुढे बंदीचे कारण उरले नाही. पण चित्रपटाची प्रतही उरली नाही.

कोणी म्हणेल, कल्पित कथेला इतिहासाचा पुरावा का मानावे? घटनांचा पुरावा म्हणून मानू नये, हे मान्य. पण त्या काळी कामगाराविषयी काय बोलता येत होते आणि काय नाही, याचा तो पुरावाच होता.

आपल्या मराठवाड्यात तर बंदीचीही गरज पडत नाही. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली. तिथे राबलेले कामगार एकेक करून जात आहेत. लातूरच्या आडत बाजारातल्या जुन्या हमालांचेही तेच. नोंदच झाली नाही, तर दडपायचे काय? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलते करून मुंबईचा मौखिक इतिहास सिद्ध केला. आपल्याकडे दरवर्षी प्रकल्पांचे गठ्ठे तपासले जातात. त्यांतला एक जरी विद्यार्थी ध्वनिमुद्रक घेऊन एखाद्या वृद्ध कामगाराच्या ओट्यावर बसला, तर ते साहित्याच्या अभ्यासाबाहेरचे काम ठरू नये.