अब्बूंची वही आणि मुलाखतीतला प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात देसाईगंजची आमची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. दहावीपर्यंत ती आमच्या वर्गात होती. पुढे चंद्रपूरला राहून तिने सांख्यिकी विषय घेऊन बी.एस्सी. केले. पुण्यातील एका डेटा ॲनालिटिक्स कंपनीची लेखी चाचणी ती पास झाली होती, पण मुलाखतीत अडली. तिला विचारले गेले, "तुमच्या चंद्रपूर शहरात रोज किती दूध लागत असेल?" ती म्हणाली, "माहीत नाही," आणि गप्प बसली. थोड्याच वेळात मुलाखत संपली.

आमच्याशी बोलताना ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "सर, शाळेत असंच तर होतं ना? उत्तर येत नसेल तर खाली बस."

हे आमच्या जिव्हारी लागले. कारण ते खरे आहे. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात हेच म्हणत आलो आहोत. म्हणून या महिन्याचा लेख थोडा आमच्या चुकीची भरपाई म्हणूनही वाचावा.

डेटा ॲनालिटिक्स म्हणजे आकड्यांतून कामाची गोष्ट शोधणे. बँका, दुकाने, औषध कंपन्या यांच्याकडे आकड्यांचे ढीग असतात. कोणते गिऱ्हाईक तुटते आहे, कुठे माल पडून राहतो, हे त्यातून शोधून मालकाला समजेल अशा भाषेत सांगायचे, हे या कंपन्यांचे काम. तेव्हा दूध किती लागते हे पाठ आहे की नाही, याच्याशी त्यांना देणेघेणे नसते. माहीत नसलेल्या गोष्टीकडे तुम्ही कसे जाता, हे त्यांना पाहायचे असते.

आम्ही दोघांनी कागद घेतला. 2011 च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या सुमारे 3 लाख 20 हजार होती. एका घरात पाच माणसे धरली तर 64 हजार घरे झाली. कुठे एक लिटर येते, कुठे फक्त चहापुरते. सरासरी अर्धा लिटर धरू. म्हणजे 32 हजार लिटर. चहाच्या टपऱ्या, हॉटेले, मिठाईची दुकाने यांसाठी आणखी चौथा हिस्सा, म्हणजे 8 हजार. एकूण 40 हजार लिटर. हा आकडा चुकीचा असू शकतो. पण प्रत्येक पायरी मोठ्याने सांगितली की समोरचा म्हणू शकतो, "घरात पाच नाही, चारच माणसे धरा." मग संवाद सुरू होतो. "माहीत नाही" हे वाक्य बोलायला हरकत नाही, फक्त त्यानंतर पूर्णविराम देऊ नये. "माहीत नाही, पण असं शोधेन" असे म्हणावे.

दुसरी अडचण भाषेची निघाली. मुलाखतीत 'मीडियन' विचारला आणि ती गोंधळली. मराठीत ती त्याला मध्यक म्हणून ओळखते. उर्दू माध्यमाची मुले वस्तानिया म्हणतात. कल्पना पक्की होती, नाव परके होते. आम्ही तिला पाच घरांचे उदाहरण सांगायला लावले. चार घरांची महिन्याची कमाई 10, 10, 12 आणि 13 हजार, आणि पाचवे घर ठेकेदाराचे, 1 लाख 55 हजार. सरासरी येते 40 हजार. पण मधले घर 12 हजारांवरच आहे. सरासरी पाहून गल्ली सुखी आहे असे म्हणाल तर फसाल. हे उदाहरण तिने आधी मराठीत, मग साध्या इंग्रजीत सांगितले. मुलांनी अशी तीन रकान्यांची वही करावी: आपल्या माध्यमातला शब्द, इंग्रजी शब्द आणि घरातले एक उदाहरण. एक्सेल आणि एसक्यूएल यांचा रोज तासभर सराव मात्र करावाच लागतो, त्याला दुसरा उपाय नाही.

ती म्हणाली, "पण सर, आमच्या जिल्ह्यात असलं काही असतं का?" आम्ही तिला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे काम सांगितले. 1988 मध्ये त्यांनी गडचिरोलीच्या गावांत मोजणी केली, तेव्हा दर हजार जन्मांमागे 121 बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. 39 गावांत ही सेवा दिली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. सेवेच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. प्रश्न विचारणे, नीट मोजणे, तुलना करणे, मग कृती करणे: ॲनालिटिक्स याहून वेगळे काय आहे?

मुलाखतीत "तुम्ही स्वतः काय काम केलंय?" हे हमखास विचारतात. इथे पुष्कळ मुले इंटरनेटवरून कुणाचा तरी प्रोजेक्ट उचलतात. दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडे पडते, आणि खोटे ते खोटेच. तिचे अब्बू आठवडी बाजारांत तयार कपडे विकतात. आम्ही त्यांची वही मागितली. ते हसले. "मास्तरसाहेब, यात काय आहे? नुसती उधारी."

तिने तीन वर्षांची वही एक्सेलमध्ये उतरवली. उधारीवाल्यांची नावे घेतली नाहीत, कारण ती अब्बूंकडे अमानत आहेत. अब्बूंचा समज होता की माल ईद आणि दिवाळीलाच खपतो. वहीत दिसले ते असे: कुरखेडा-कोरचीकडच्या बाजारांत तेंदूपत्त्याची मजुरी हातात आल्यावर विक्री चढते, आरमोरीकडे धान विकल्यावर. अब्बू बराच वेळ त्या तक्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कोरचीकडे माल मी उशिरा नेत होतो." तिने शेवटी लिहिले, "ही एकाच दुकानाची वही आहे. यावरून साऱ्या जिल्ह्याबद्दल बोलता येणार नाही." हे वाक्य आम्हाला सर्वांत आवडले.

आता दोन शब्द पालकांसाठी. पहिल्या फेऱ्या बहुधा घरूनच, ऑनलाइन होतात. त्या दिवशी लेकीला एक खोली द्या, लहान भावंडांना खालाकडे पाठवा, पाहुण्यांना चहा दुसऱ्या कुणीतरी द्यावा. गावात नेटवर्क भरवशाचे नसेल तर आदल्या दिवशीच नागपूरला नातेवाइकांकडे पोहोचवा. आणि "पुण्याला एकटी कशी राहील?" हा प्रश्न मुलाखतीच्या आदल्या रात्री काढू नका. तो आजच काढा. वसतिगृहाचे भाडे किती, पगार किती, ऑफिसातून परत येण्याची सोय काय, ओळखीचे घर कुठे, हे तिच्यासोबत कागदावर मांडा. भीतीसुद्धा मोजून पाहिली की तिचा खरा आकार कळतो.

गेल्या महिन्यात तिने दुसऱ्या कंपनीत मुलाखत दिली. तिथे विचारले, नागपुरात रिक्षा किती असतील? ती म्हणाली, "माहीत नाही. पण एक मिनिट द्या, मी मोजायला सुरुवात करते." शेवटची फेरी झाली आहे, निकाल यायचा आहे. दुआ करा.

आमच्या वर्गात मात्र एक बदल झाला आहे. उत्तर येत नाही म्हणणाऱ्या मुलाला आता आम्ही खाली बसवत नाही. म्हणतो, "उभा राहा बेटा, आणि कसं शोधशील ते सांग."