पुराचा अहवाल पूरग्रस्तांपर्यंत जावा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसे बुडाली. सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि मे 2020 मध्ये तिचा अहवाल आला. लोकांचा रोष आलमट्टी धरणावर होता. समितीने मात्र मुख्य कारण म्हणून अतिवृष्टीकडे आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे लक्ष वेधले.

वडनेरे हे जलसंपदा खात्याचेच निवृत्त सचिव. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. पण आपल्या धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचे, हे तेच खाते ठरवते. त्या निर्णयांची तपासणी खात्याबाहेरच्या तज्ज्ञांनी केली, तरच लोकांचा विश्वास बसेल.

दुसरा प्रश्न अतिक्रमणाचा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत गरिबाची झोपडी असते, तशी रीतसर परवानगी मिळालेली इमारतही असते. झोपडी पाडायची आणि परवानगी देणाऱ्याला विचारायचेही नाही, हा न्याय नव्हे.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा घरांत शिरले. म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढचा आढावा स्वतंत्र तज्ज्ञांनी घ्यावा, त्यात पूरग्रस्तांचे म्हणणे नोंदवावे आणि अहवाल सोप्या मराठीत प्रत्येक प्रभागात वाचून दाखवावा. आपले घर कोणत्या रेषेत आहे, हे पाणी दाराशी येण्याआधी कळणे हा नागरिकाचा हक्क आहे.