वर किती?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. दुकानदाराशी नव्हे, तो बिचारा त्याचा धंदा करतो. भांडण आपल्याशीच आहे. जुनी वस्तू देऊन नवी घेताना "वर किती द्यायचे?" एवढं एकच विचारून खूश होणाऱ्या आपल्या सवयीशी.

झालं असं, की आमच्या दापोली तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी गेल्या मे महिन्यात घरी आला. शाळेत व्याकरणात जेमतेम पास, पण वारा फिरणार हे अर्धा तास आधी सांगणारा. वडिलांच्या वेळची लाकडी होडी आणि तिचं आऊटबोर्ड मशीन देऊन त्याला फायबरची नवी होडी नव्या मशीनसह घ्यायची होती. लाकडी होडीचं दुखणं किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. दरवर्षी फटी भरा, तेल द्या, कुजलेली फळी बदला, तेही सुतार मिळाला तर! त्यामुळे फायबर घ्यायची हे ठीकच होतं.

हातात कागद होता. नवी होडी मशीनसह 4,80,000. जुनीचे वजा 90,000. वर द्यायचे 3,90,000.

"सर, त्या कुजक्या होडीला नव्वद हजार देतोय. दुसरा कोण देणार?"

मी म्हटलं, "अरे, जुनी द्यायचीच नाही असं ठरवलंस, तर नवी कितीला?"

हे त्याने विचारलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. होडी बांधणाऱ्याने चहा मागवला, मला "गुरुजी गुरुजी" केलं, फायबरच्या थरांची जाडी दाखवली, आणि माझा प्रश्न दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर आकडा आला, रोख घेतली तर 4,10,000.

आता चौथीतलं गणित करा. 4,10,000 वजा 3,90,000. म्हणजे जुन्या होडीचे आणि मशीनचे मिळून खरे वीस हजार! बाकीचे सत्तर हजार आधी नवीच्या किमतीत चढवलेले होते आणि तेच उदार मनाने परत दिले जात होते. यात खोटं एक अक्षर नाही, हीच गंमत.

मला राग आला तो माझ्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्याचा. फसलो म्हणून तो चिडला नाही, "कुजकी" म्हणवलेल्या होडीला कोणीतरी मान दिला होता, तो गेला म्हणून हिरमुसला. हा मानच तर विकत असतात लोक.

सरकारसुद्धा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणं आहे बरं का. जीएसटीच्या 2017 च्या नियमांत सत्ताविसाव्या नियमाखाली एक उदाहरण दिलंय. जुना फोन घेऊन नवा वीस हजारांना दिला, पण जुना न देता तोच फोन चोवीस हजारांना मिळत असेल, तर त्याची बाजारातली किंमत चोवीसच धरायची. म्हणजे कर घेणारा पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न पैसे देणारा विचारतच नाही!

सराफाकडे तरी दुसरं काय होतं? मोडीत घट किती, हे आमची सौ. तोळ्याच्या काट्यावर डोळे रोखून बघते आणि नव्या दागिन्याची घडणावळ न विचारता देऊन येते. (हे वाचून आज जेवण मिळेल की नाही, शंका आहे.)

आमचे एक मेहुणे म्हणतात, "भाऊजी, जुनं विकत कुठे फिरायचं? गिऱ्हाईक शोधा, दाखवा, घासाघीस करा." कबूल. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी, 1 ऑगस्टला पाण्यात उतरायचं, तेवढ्यात गिऱ्हाईक नाही मिळालं तर? त्रास वाचवण्याचे पैसे जरूर द्या. पण किती देतोय ते माहीत असू द्या की!

आणि एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी. जुनी होडी दिली, पण नोंदणीवर नाव आपलंच राहिलं तर? तो माणूस म्हणाला होता, "कागदांचं नंतर बघू." 2008 च्या नोव्हेंबरात मुंबईवरचे हल्लेखोर पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून मुंबईजवळ आले होते. त्यानंतर किनाऱ्यावर कोणती होडी कोणाची हा प्रश्न किती कडक झाला, हे कोळीवाड्यात कोणालाही विचारा. आपल्या नावाची होडी परक्याच्या हातात फिरत ठेवून झोप कशी लागते? मी तिथेच म्हटलं, आधी नाव बदलायचे कागद, मग होडी. त्यावर तो माणूस एकदम कामात गढला.

शेवटी नवी होडी 4,10,000 लाच घेतली. जुनं मशीन खाडीतल्या एकाला 38,000 ला गेलं. म्हणजे खिशातून 3,72,000 गेले, त्या कागदापेक्षा अठरा हजार कमी, आणि जुनी होडी घरचीच राहिली. तिला पंधरा हजार देणारा एक हॉटेलवाला आला होता, बागेत शोभेला ठेवायला. विद्यार्थ्याच्या आईने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. आता ती उलटी घालून ठेवली आहे, आणि परवा गेलो तेव्हा तिच्यावर मिरच्या वाळत होत्या.