पाचवा मित्र कुठे बसणार?

ऑगस्ट आला की ग्रुपमधलं कोणीतरी एमएससाठी अमेरिकेला उडतं. वर्षभरात त्याच्या स्टेटसला एक फोटो हमखास येतो. मागे लाल डोंगर, पुढे पिकअप ट्रक आणि ट्रकला जोडलेलं चाकांवरचं अख्खं घर. आत बेड, गॅस, फ्रिज, अगदी टॉयलेटसुद्धा. तिकडे त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आपण इथे कट्ट्यावर बसून हार्ट टाकतो आणि खाली लिहितो, ‘भावा, पुढच्या वर्षी आम्ही पण!’

तुमच्यातले काहीजण खरंच पुढच्या वर्षी तिकडे असणार आहेत. गाडी बहुतेक दुसऱ्याची असेल, चालवणारा दुसरा असेल आणि तुम्ही मागच्या सीटवर चिप्सचं पाकीट फोडत असाल. म्हणूनच तुमच्याशी बोलायचंय. कारण ट्रेलर ओढण्याच्या गणितात सगळ्यात जास्त चुकणारा आकडा इंजिनाचा नसतो. तो मागच्या सीटवरचा असतो.

माझा मावसभाऊ ॲरिझोनात शिकतो. गेल्या वर्षी लाँग वीकेंडला पाचजण निघाले. एकाच्या ओळखीतून ट्रेलर मिळाला, एका सीनियरने त्याचा मिडसाइझ पिकअप दिला. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफपर्यंतचा चढ गाडीने आरामात काढला. ‘ट्रकला जाणवतही नव्हतं गं,’ दादा सांगत होता. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. म्हणजे जे चढले, ते परतताना उतरायचंही होतं. उतारावर शेजारून एक मोठा कंटेनर ट्रक सुसाट गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला आणि मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. आधी थोडा, मग लेनच्या बाहेर जाईल इतका. ट्रेलर डावीकडे गेला की ट्रकचं बूड उजवीकडे. चालवणाऱ्याने ब्रेक दाबला नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. काही सेकंदांनी सगळं शांत झालं.

कोणाला काही झालं नाही. म्हणूनच हा किस्सा आज हसत हसत सांगितला जातो. पण मी दादाला विचारलं, ‘निघण्याआधी वजन कोणी मोजलं होतं का?’ तो म्हणाला, ‘अगं, ट्रकची कपॅसिटी भरपूर होती.’

इथेच खरी गोची आहे. टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरोले कोलोरॅडो हे तिकडचे ‘मिडसाइझ’ पिकअप. जाहिरातीत त्यांची ओढण्याची क्षमता दणक्यात लिहिलेली असते. टॅकोमाची जास्तीत जास्त ६,५०० पौंड, म्हणजे जवळपास २,९५० किलो. रेंजरची ७,५०० पौंड, कोलोरॅडोची ७,७०० पौंड. हे आकडे खोटे नाहीत. पण ते कसे काढले जातात ते बघा. या चाचणीचं तिथलं प्रमाण आहे एसएई जे२८०७. त्यात गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे धरले जातात. दोन माणसं! पाच नाहीत, पाचजणांच्या बॅगा नाहीत आणि कोणाच्या आईने दिलेला चकलीचा डबा तर नाहीच नाही.

तुमच्यासाठी कामाचा आकडा वेगळ्या ठिकाणी असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या खांबावर एक छोटं पिवळं-पांढरं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून अमुक किलोपेक्षा जास्त वजन होता कामा नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा त्याच गाडीचा, त्याच्या फिटिंगसकटचा आकडा. याला पेलोड म्हणतात. जाहिरातीत तो सहसा मोठ्या अक्षरांत नसतो.

आता दहावीच्या लेव्हलचं गणित करू. समजा, स्टिकरवर ५४५ किलो आहे. भरलेला ट्रेलर २,२०० किलोंचा आहे. जाहिरातीच्या हिशेबाने टॅकोमाकडे अजून साडेसातशे किलो शिल्लक आहेत, म्हणजे एकदम सेफ. पण ट्रेलरचा पुढचा दांडा ट्रकच्या हिचवर टेकलेला असतो आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग त्या दांड्यातून थेट ट्रकवर येतो. त्याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर स्थिर राहायला हा भाग साधारण १० ते १५ टक्के असावा लागतो. आपण १२ टक्के धरू. झाले २६४ किलो. हे ५४५ मधून वजा करा. उरले २८१. आता ७० किलोंचे चारजण बसवा. २८०.

एक किलो उरला. पाचवा मित्र अजून दारात उभा आहे आणि मागच्या हौद्यात एकही बॅग पडलेली नाही. हिचचं स्वतःचं वजन तर आपण धरलंच नाही.

यावर जी उत्तरं येतात ती मला पाठ आहेत. पहिलं, ‘मग टंग वेट कमी करू ना, सामान ट्रेलरच्या मागच्या भागात टाकू.’ दादाच्या ग्रुपने नेमकं हेच केलं होतं, तेही नकळत. बॅगा, पाण्याचे कॅन, बर्फाचा डबा, सगळं ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात. दांड्यावरचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलरचं शेपूट जड होतं आणि ते हलायला निमित्तच शोधत असतं. शेजारून गेलेला ट्रक, आडवा वारा, उतार, काहीही पुरतं. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या पुढे ठेवायचं.

उलट्या बाजूनेही गंमत होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या मित्रांना हे सांगायची गरज नाही. जास्त ऊस भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली त्यांनी पाहिली असतील. मागे प्रमाणाबाहेर भार आला की पुढचा भाग हलका होतो. पिकअपची चाकं तशी हवेत जात नाहीत, पण स्टिअरिंग हलकं पडतं, पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते आणि हेडलाइट झाडांवर पडतात.

दुसरं उत्तर, ‘मागे जादा स्प्रिंग किंवा एअरबॅग बसवू.’ त्याने गाडीचं बूड वर येतं, दिसायला सगळं लेव्हल होतं. स्टिकरवरचा आकडा मात्र तोच राहतो. ॲक्सल, टायर आणि ब्रेक जुनेच आहेत ना!

तिसरं उत्तर सगळ्यात आवडतं, ‘कंपन्या मुद्दाम कमी लिहितात, थोडं फार चालतं.’ असेलही थोडी मोकळीक. पण ती किती, हे स्टिकरवर लिहिलेलं नाही आणि ती मोजायचा प्रयोग उतारावर चार मित्रांना बसवून करायचा नसतो. शिवाय ‘ट्रकने आरामात ओढलं’ हा पुरावाच चुकीचा आहे. ओढणं हे इंजिनाचं काम, आणि आजची इंजिनं दणकट आहेत. प्रश्न थांबवण्याचा आणि सरळ रेषेत धरून ठेवण्याचा असतो. चढावर सगळं छान वाटतं. परीक्षा उतारावर होते.

मला वाटतं, आपली खरी अडचण गणिताची नाहीच. आपण ‘सरका जरा, अजून एक बसेल’ या शाळेत शिकलोय. वडापच्या जीपमध्ये चौदावा माणूस बसतो, लग्नाच्या टेम्पोत अख्खी भावकी मावते आणि जो ‘जागा नाही’ म्हणतो तो वाईट ठरतो. मैत्रीत तर कोणाला मागे ठेवणं म्हणजे पापच. ही सवय व्हिसा लागला म्हणून विमानतळावर सुटत नाही. आणि ज्याची गाडी, ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेशर असतं. पाचजण बॅगा घेऊन खाली उभे असताना ‘दोघं येऊ नका’ हे तो कुठल्या तोंडाने म्हणणार?

म्हणून हे वाक्य आपण म्हणायचं. मागच्या सीटवरच्यांनी. ‘स्टिकर दाखव, बेरीज करू,’ असं म्हणणारा मित्र कटकट्या वाटेल, वाटू दे. ७० किलोंचा जो भार गाडीत चढणार आहे तो आपण स्वतः आहोत. त्याबद्दल बोलायचा हक्क आपल्यापेक्षा जास्त कोणाला असेल?

विचारायला फार काही लागत नाही. ट्रेलरचं वजन ब्रोशरवरून सांगतोयस की भरल्यावर मोजलंयस? ब्रोशरमध्ये रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. नुसती १५० लिटरची पाण्याची टाकी भरली तरी १५० किलो वाढतात. तिकडे हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात, थोडे डॉलर देऊन गाडी आणि ट्रेलर दोन्हींचं वजन मिळतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत का आणि ते चालवणारा कंट्रोलर ट्रकमध्ये बसवलाय का? दांड्याखालच्या दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवल्यात का? ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी वायर जोडलीय का? टायरमधली हवा बघितली का, ट्रेलरच्या टायरचीसुद्धा?

आणि स्पीड. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. जिथे कायदा जास्त सूट देतो तिथेही हा आकडा डोक्यात ठेवायला हरकत नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये यायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. आपल्याकडे घाटात जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर, तेच. ट्रेलर हलायला लागलाच तर जोरात ब्रेक नाही, उलटसुलट स्टिअरिंग नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावायचे. हे मागच्या सीटवरच्यांनाही माहीत असावं, म्हणजे निदान ‘ब्रेक मार, ब्रेक मार’ असं कोणी ओरडणार नाही.

बेरीज जमलीच नाही तर ट्रिप रद्द करायची गरज नाही. दोघांनी दुसऱ्या कारने मागून यावं. छोटा ट्रेलर घ्यावा आणि दोन तंबू टाकावेत. भाड्याने देणारे काही मालक ट्रेलर थेट कॅम्पसाइटवर आणून उभा करून देतात, त्यात ओढायची भानगडच संपते. फोटोत हे सगळं तेवढंच भारी दिसतं.

दादाच्या ग्रुपची या वर्षीही ट्रिप ठरतेय. या वेळी दोन गाड्या आहेत. पेट्रोलचा खर्च वाढला म्हणून एकाने कुरकुर केली, पण आलाय. पाचवा मित्र दुसऱ्या गाडीत, पुढच्या सीटवर, पाय पसरून.

तुमच्या मित्राचा पुढचा फोटो आला की हार्ट जरूर टाका, ‘आम्ही पण’ही लिहा. फक्त त्यापुढे अजून एक ओळ लिहा: ‘दारावरच्या स्टिकरवर किती लिहिलंय रे?’