अर्थाचा अनर्थ

कॉलेज कुठलंही असो, गॅदरिंगचा साउंडचेक सारखाच असतो. गिटारची केबल अँपमध्ये जाते आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽऽ’ सुरू होतं. मग एखादा अनुभवी सिनिअर पुढे येतो. अँपच्या प्लगची वरची जाड पिन पक्कडीने उडवतो, नाहीतर सरळ टू-पिनचा अडॅप्टर लावतो. आवाज बंद, सिनिअर हिरो! हा हिरो आता स्टेजवरून खाली उतरला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. इतर दोन पिनांपेक्षा ती लांब असते ती उगाच नाही. प्लग लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून. अँपमध्ये बिघाड होऊन फेजची वायर आतल्या पत्र्याला टेकली, तर तो करंट अर्थिंगमधून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिनच नसेल तर काहीच उडत नाही. पत्र्यावर २३० व्होल्ट तसेच बसून राहतात. तिथून केबलची जाळी, गिटारचा ब्रिज आणि तारा. म्हणजेच तुमची बोटं. आता तुम्ही गायला पुढे झालात आणि ओठ माइकला लागले की सर्किट पूर्ण! मध्ये तुमची छाती.

भीती घालत नाहीये. ‘स्टोन द क्रोज’चा गिटारिस्ट लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे भर कार्यक्रमात असाच गेला. तारांवर हात असताना त्याने अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला होता. ‘यार्डबर्ड्‌स’चा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरीच गिटार वाजवताना गेला. दोन्हीकडे कारण एकच, अर्थिंग.

खरं तर हमचं मूळ शोधणं अवघड नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. तरीही आवाज येतोय? मग दोष पुढे आहे: केबल, पेडल, अँप किंवा लाइन. आवाज गेला? मग पिकअपकडे बघा. जागेवर गोल फिरताना हम कमी-जास्त होत असेल, तर सिंगल-कॉइल पिकअप आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची आणि डिमरची ५० हर्ट्‌झची गुणगुण पकडतंय. थोडं लांब उभं राहा. याच त्रासावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन कॉइलचा हमबकर काढला. गिटार एका बोर्डवर आणि कीबोर्ड-मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असेल, तर ग्राउंड लूप होतो. सगळं एकाच बोर्डवरून घ्या. तरीही भागलं नाही, तर डीआय बॉक्सवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण वापरा. ते फक्त सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवा. मेन स्विच बंद करा, मग बाकीचं बोला.

‘इतके शो केले, कुणाला काही झालं नाही,’ हे उत्तर ठरलेलं. हेल्मेट न घालणारेही हेच म्हणतात. ‘बजेट नाही’ हे दुसरं. बॅनरला, एलईडी वॉलला, सेलिब्रिटी पाहुण्याच्या गाडीला बजेट असतं. वायरमनच्या अर्ध्या तासाला नसतं? आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे इंजिनीअरिंगची मुलं फर्स्ट इयरला ‘बेसिक इलेक्ट्रिकल’च्या पेपरात अर्थिंगची आकृती काढून मार्क मिळवतात आणि फेस्टच्या रात्री तीच पिन तोडतात.

माझी मागणी साधी आहे. फिरोदियाची तालीम असो वा कॉलेजचा फेस्ट, स्टेजवरच्या प्रत्येक बोर्डचं अर्थिंग वायरमनने मीटर लावून तपासावं. लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी असावा. अर्थिंग तपासल्याची सही असल्याशिवाय कॉलेजने शोला परवानगी देऊ नये. पिन तुटलेला प्लग दिसला, तर बदलून घ्या. तपकीर गल्लीत नवा प्लग आपल्या कटिंग-वडापावच्या खर्चात येतो.

थोडी घूंऽऽ चालेल. लोक दोन गाण्यांत ती विसरतात. गिटारिस्ट मात्र घरी सुखरूप पोचला पाहिजे.