मौन म्हणजे संरक्षण नव्हे

पश्चिम उपनगरांतील लैंगिक अत्याचाराचे खटले दिंडोशीच्या सत्र न्यायालयात चालतात. मात्र अत्याचार कामाच्या ठिकाणी झाला असेल, तर खटल्याचे भवितव्य अनेकदा त्याआधीच, मालकाने पहिल्या काही तासांत घेतलेल्या भूमिकेवर ठरते. परळच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानभाग प्रकरण हा त्याचा जळजळीत दाखला आहे.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी तळघरात कपडे बदलण्यासाठी गेलेल्या या परिचारिकेवर तेथीलच सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली. तिचे लग्न ठरले होते. बदनामी नको म्हणून रुग्णालय प्रशासनाने लैंगिक अत्याचाराची तक्रारच केली नाही. परिणामी खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी एवढेच गुन्हे सिद्ध होऊन आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली. अरुणा मात्र १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात होती. सहकारी परिचारिकांनी तिची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. पण संस्थेच्या मौनाने गेलेला न्याय परत आला नाही.

आज असे मौन मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ महिला आणि सदस्यांत एक बाहेरची व्यक्ती असावी लागते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. दरम्यान पीडितेच्या विनंतीवरून समिती बदलीची वा तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची शिफारस करू शकते. पीडितेला फौजदारी तक्रार करायची असल्यास तिला साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. समिती हा पोलिसांना पर्याय नव्हे.

तरीही गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींवर बोट ठेवले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील सेमिनार कक्षात कामावरील तरुण डॉक्टरची बलात्कार करून हत्या झाली. अर्धशतकानंतरही प्रश्न तोच राहिला: कामावरील स्त्रीला विश्रांतीसाठी सुरक्षित जागा कोठे आहे?

दिंडोशी, गोरेगाव, मालाडच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्या स्त्रियांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. कंपनीने पुरवलेले वाहनही कायद्याने कामाचेच ठिकाण आहे. निर्जन जिने, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि कंत्राटी चालक यांची तपासणी घटनेपूर्वी व्हायला हवी. घटना घडलीच, तर तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा. तिच्या अब्रूच्या नावाखाली तो परस्पर घेण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.