हजारी दर आणि पदरातली मजुरी

विडी ओढणाऱ्याच्या तोंडून धूर निघतो, पण वळणाऱ्या बाईच्या घरी चूल पेटली की नाही, याची चौकशी कोण करतो? सरकारी नोंदीप्रमाणे देशात सुमारे 50 लाख विडीकामगार आहेत. त्यांत बहुतेक बायाच, आणि त्याही घरी बसून वळणाऱ्या. सोलापूर, सिन्नर, गोंदिया, कामठी येथील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

मजुरी ठरते हजार विड्यांवर. सरकारने दर वाढविला की शहरातले शहाणे म्हणतात, "मजुरी वाढली!" आम्ही पडलो शाळामास्तर, वजाबाकी केल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. वाचकहो, हिशेबापुरता हजारी दर 200 रुपये धरू. बाईने दिवसभरात हजार विड्या वळल्या. ठेकेदाराने 80 विड्या छाट म्हणून काढल्या. राहिल्या 920, त्यांचे 184 रुपये. दिलेले पान अपुरे पडले, म्हणून पदरचे 20 रुपये घातले, उरले 164. आठवड्यात काम मिळाले चारच दिवस, झाले 656. सहा दिवसांची मजुरी कागदावर 1200 आणि पदरात 656! शिवाय छाट म्हणून काढलेली विडी मालक फेकून देतो काय? अनेक ठिकाणी तीही विकली जाते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते हेच.

कायदा नव्हता असे नाही. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईसही कामगार मानले. मालक न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. नोव्हेंबर 2025 पासून तो नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. पण कायदा कोणताही असो, मधे ठेकेदार उभा आहे तोवर बाईस विचारले जाणार, "तुझा मालक कोण?" 1976 पासून विडीवरील उपकरातून दवाखाने, घरे व मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. 2017 साली जी.एस.टी. आला आणि तो उपकर गेला. सप्टेंबर 2025 मध्ये विडीवरील जी.एस.टी. 28 टक्क्यांवरून 18 करण्याचे ठरले. मालकांस सवलत मिळाली. त्यातले हजारी दरात किती उतरले, हे विचारण्याचा हक्क वळणाऱ्या बाईस आहे.

"मजुरी वाढवाल तर धंदा बुडेल," ही मालकांची जुनीच हाकाटी. केरळात कन्नूरकडे 1968 साली कायदा टाळण्यासाठी मालकांनी कामच बंद केले. तेव्हा 1969 साली कामगारांची केरळ दिनेश बीडी ही सहकारी संस्था निघाली. किमान मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा व बोनस देऊनही एके काळी तिच्यात 40 हजार कामगार होते. विडीचा खप घटला तेव्हा तिने खाद्यपदार्थ आणि छत्र्या काढल्या. आपल्याकडेही कामठीच्या बाबू हरदासांनी (1904–1939) विडीकामगार संघटित करून सहकाराची वाट दाखविली होती.

तंबाखू वाईट, हे आम्हांस मान्य. धंदा उद्या संपावा, हेही मान्य. पण बाईच्या पोटाला भूक आजच आहे.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दर बाईच्या हाती मालकाच्या नावाचे पुस्तक असावे आणि त्यात पानाचे वजन, वळलेल्या विड्या, छाट व दिलेले पैसे रोज लिहिले जावेत. आणि मायबहिणींनो, चौथी शिकलेली लेक घरात असेल, तर दर शनिवारी तिच्याकडून ते पुस्तक वाचून घ्या. हिशेब विचारणाऱ्या बाईला फसविणे सोपे नसते.

— एक शाळामास्तर